चौकातला चार तोंडांचा देव

नेपाळातल्या पाटणच्या गल्ल्यांमधून आम्ही पहाटेपासून अनवाणी चालत होतो, आणि दुपार कलली तेव्हा ज्ञानशोभादिदीच्या टाचेला फोड आला. ती भिंतीला टेकून पाय चोळू लागली.

"रिक्षा आणू?" मी विचारलं.

"आण की. नवऱ्याला सांगेन, तुझ्यासाठी रिक्षातनं फिरले. वरूनच हसेल."

तो मतयाचा दिवस होता. ज्यांच्या घरचं माणूस वर्षभरात गेलं, ते या दिवशी शहरातल्या एकूण एक चैत्याला, गल्लोगल्लीच्या छोट्या स्तूपांना, दिवा लावतात. एकही चुकवायचा नाही. दिदीचा नवरा बेखानारायण माघात गेला. म्हणून सत्तराव्या वर्षी ती रांगेत होती, आणि तिची टोपली धरायला शेजारीण म्हणून मी.

दिदी बुद्धमार्गी शाक्यांची मुलगी, मूर्तिकारांच्या घरातली. ओतकामाआधीचे मेणाचे नमुने ती आजही करते. तारादेवीच्या हातात कमळ, विष्णूच्या हातात शंख, बोटं मात्र दोघांचीही तिचीच. लग्न होऊन पडली श्रेष्ठ आडनावाच्या शिवमार्गी घरात. त्या घराच्या चौकात एक दगडी चैत्य आहे, चारी बाजूंना चार बुद्ध. सासरचे त्याला चतुर्मुख महादेव म्हणतात. बेखादाजू, थोरला भाऊ म्हणून सगळ्यांचे दाजू, रोज सकाळी त्याला बेल वाहायचे, दिदी संध्याकाळी दिवा लावायची. चाळीस वर्षांत त्यावरून भांडण झालं नाही. भांडण व्हायचं ते मिठावरून.

आता फक्त तोच चैत्य राहिला होता. आणि तिच्याच घरच्या चौकाचं दार आतून बंद होतं.

मागे रांग तुंबली. बासरीवाले थांबले. दिदीने कडी वाजवली. आतून तिचा धाकटा दीर केदार वहिनीला म्हणाला, "भाउजू, यंदा नाही. घरात बर्खी चालू आहे, वर्षाचं सुतक. वर्षभर देवाला हात लावायचा नाही. तुम्हाला ठाऊक नाही का?"

"आमच्यात याच वर्षी लावतात, बाबू."

"तुमच्यात! दाजू शिवमार्गी होते. काल मिरवणुकीत त्यांना वाट दाखवायला त्यांच्या नावानं गाय काढली, सगळं रीतसर केलं. आता दोन्हीकडून न्यायला आले तर ते जाणार कुणाबरोबर?"

रांगेतल्या बाया हसल्या. दिदी हसली नाही. हा एक दिवा राहिला तर दिवसभराचं चालणं तिच्या लेखी फुकट होतं. मी मनातल्या मनात शंकराचंच नाव घेतलं. दुसरं कुणाचं घेणार?

ती दाराच्या फटीशी तोंड नेऊन हळू म्हणाली, "पूजा नको करू. दरवर्षी रांग आली की तुझे दाजू इथे तेलाची बाटली घेऊन उभे राहायचे. वाऱ्यानं विझलेले दिवे परत पेटवून द्यायचे. यंदा तेल कोण घालणार, एवढंच विचारते."

मग अडसर सरकला. केदार दारात उभा होता. हातात तीच हिरवी बाटली, डोळे लाल.

"मला कुणी बोलावलंच नाही," तो म्हणाला. "दाजूंच्या कामाला मला कुणी बोलावलंच नाही."

"अरे, घरच्या माणसाला काय बोलावणं पाठवू?"

तो बाजूला झाला. देवाला त्याने हात लावला नाही, पण पणतीत तेल तोच घालत राहिला, शेवटचा माणूस जाईपर्यंत. दिदीने आपला दिवा पूर्वेच्या बुद्धापुढे ठेवला आणि तिथेच फरशीवर बसली. केदारने आतून चिउरा, म्हणजे कोरडे पोहे, नि दही आणलं. "खा," म्हणाला, "मीठ बेताचंच आहे."

खाता खाता ती चैत्याकडे बघत होती. माघापासून त्याच्यावर बेल पडला नव्हता.

"माझ्या माणसानं माझे दिवे सांभाळले," ती म्हणाली. "मी कधी त्याचं बेलाचं एक पानही उचललं नाही. कामच पडलं नाही."

"केदार वाहील ना, वर्ष सरलं की."

"ती त्याची पूजा. मी वाहीन ती माझ्या माणसाची आठवण. तिला बर्खीची आडकाठी नाही, हो ना बाबू?"

केदार दह्याकडे बघत म्हणाला, "मी काही पाहिलं नाही."

दिदीने पाय पोटाशी घेतले, माझ्याकडे पाहिलं. "बहिनी, तू दर सोमवारी बेल वाहतेस. पान पालथं ठेवायचं की उताणं, मला माहीत नाही. उद्या सकाळी येशील? मला शिकव."