न धुतलेलं बसकर

थकलेली माणसं मी जन्मभर पाहत आलो, रोज सकाळी आरशातही एक दिसतं. पण थकल्याचं रडगाणं गात गात चार जणांचं काम उपसणारं माणूस अख्ख्या सावली तालुक्यात एकच, आमच्या आवारातल्या अंगणवाडीच्या बाई. मी तिथल्याच शाळेत पहिलीचा वर्ग घेतो. म्हणजे बाईंनी माणसाळवलेली लेकरं पुढे मी बिघडवतो. "थकली बा मी, गुरुजी. हे सालच शेवटचं. पुढं माह्याच्यानं होत नाई," असं बाई दर मे महिन्यात म्हणत आणि म्हणता म्हणता पदर खोचून उठत. वीस वर्षं ऐकून ऐकून मीच थकलो, बाई नाही थकल्या.

नवी लेकरं येतात जूनअखेर, पण बाईंची तयारी मेच्या उन्हातच सुरू होई. एकदा खडू मागायला गेलो तर बाई खोलीभर रांगत होत्या. गुडघे कुरकुरत होते, बाईही कुरकुरत होत्या. म्हटलं, काही हरवलं का? "हरवलं नाई. लेकराले काय दिसते ते पाहून राह्यली. तुमी खाली या, वरून समजत नाई." झक मारत मीही रांगलो. खालून पाहिलं तर भिंतीवर नवा रंगवलेला वाघ नेमका तोंडासमोर, जबडा वासून. आमच्याकडची लेकरं खऱ्या वाघाच्या भीतीनं अंगणातसुद्धा एकटी जात नाहीत. बाईंनी पेंटरला बोलावून वाघाचं तोंड मिटवून घेतलं. तेव्हापासून आमचा वाघ नुकताच जेवून उठल्यासारखा दिसतो.

पण बाईंचा खरा छंद म्हणजे बसकरं, लेकरांची बसायची आसनं. विडीची तेंदूपानं तोडून बाया दुपारी घरी परतल्या की बाई दारोदार जात. पानांचे पुडे बांधत बसलेल्या आईशेजारी टेकून लेकराचं लाडाचं नाव विचारत. गोंडी बोलणारं घर असेल तर पाण्याला, भुकेला काय म्हणतात ते वहीत लिहून घेत. उठताना आईच्या अंगावरच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागत. तो पोत्यावर शिवून लेकराचं बसकर व्हायचं. "मायचा वास असला का लेकरू बसते." एका घरी लेकरू बापाच्याच अंगाखांद्यावर वाढलेलं, तिथून बाईंनी लुंगी आणली. ते लेकरू वर्षभर निळ्या चौकड्यांवर राजासारखं बसलं.

मी या प्रकाराला हसत असे. एका वर्षी अंगणवाडीच्या पहिल्याच दिवशी वरचे साहेब पाहणीला येणार होते. बसकरं मळकी दिसली म्हणून मी आदल्या दिवशी, बाईंना न विचारता, सगळी सोडा घालून खळाखळा धुतली. पहिल्या दिवशी अठरा लेकरांनी एका सुरात भोकाड पसरलं. साहेब चहा अर्धा टाकून गेले. बाई दोन लेकरं मांडीवर, एक पाठीवर घेऊन म्हणाल्या, "थकली बा मी." संध्याकाळी मात्र मला सोबत घेऊन घरोघर गेल्या आणि, "माय, दोन दिस हे बसकर उशाशी घ्या," असं प्रत्येक आईला माझ्याच तोंडून सांगायला लावलं.

एवढा जीव का काढता, असं एकदा विचारलं. तेव्हा कळलं. जुलैत रोवणी, म्हणजे भाताची लावणी लागते, आया पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत उतरतात. तोवर लेकरू अंगणवाडीत रमलं नाही तर ते आईमागे बांधावर जातं. बाईंच्या पहिल्याच वर्षी असं एक न रमलेलं लेकरू बांधीच्या पाण्यात बुडून गेलं. "मी त्याले रडते म्हणून घरी धाडलं होतं, गुरुजी." एवढं बोलून बाई सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा काही ओवला जाईना. मग मी ओवून दिला.

यंदा एप्रिलात त्यांचं वय भरलं. हारतुरे झाले. आता तरी बसतील म्हटलं, तर मेच्या उन्हात छत्री घेऊन पुन्हा दारोदार. "आता काऊन फिरता?" म्हटलं, तर, "नवी बाई जूनमधी येईन, तिले कोण सांगन?" शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्यांनी बसकरांचं गाठोडं माझ्या हाती दिलं. लेकरं सतरा, बसकरं अठरा. जास्तीचं मोठं होतं, बाईंच्या हिरव्या लुगड्याचं. ते लुगडं मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो.

"हे कोणाचं?"

"नव्या बाईचं. गडचांदूरची पोरगी हाये, पयलीच नोकरी. तिलेबी रडू येईन न. धुवू नका म्हणजे झालं."

पहिल्या दिवशी ती मुलगी हिरव्या तुकड्यावर बसली. लेकरं रडली, पण बसली. तिनं बसकर हुंगून पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, हे धुवायचं राहून गेलं का?" मी म्हटलं, "राहू दे."

रोवणी लागली. सतराच्या सतरा लेकरं आत आहेत. बाई सुनेकडे असतात, आता खरंच थकल्या आहेत म्हणे. मधल्या सुट्टीत मी उगाच अंगणवाडीत डोकावतो, मिटल्या तोंडाच्या वाघाखाली घटकाभर टेकतो. बाईंना सगळ्यांचं सुचलं. माझ्यासाठी मात्र एखादं बसकर शिवायचं राहून गेलं.