अठरा नंबरचं यंत्र

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. पण आज मला थांबवत नाहीये. दुपारी बिबवेवाडीहून घरी आले, पिशवी खुंटीला लावली, मुलाची जुनी वही काढली आणि बसले. छातीत धडधडतंय — आणि गंमत म्हणजे भीतीनं नाही.

जे लिहितेय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तसं यातलं निम्मं तिघांना ठाऊक आहे. मीच सांगितलंय. पण निम्मं खरं सांगितलं की ते खरं असतं का हो?

मी बाणेरच्या बाजूला एका मोठ्या शाळेत मावशी आहे. परदेशी अभ्यासक्रमाची शाळा, गाड्यांतून येणारी मुलं. मी बाकं पुसते, प्रयोगशाळा झाडते, आणि बोलते कमी. कोणी दोन वाक्यं बोललं की मला घाम फुटतो. एटीएमच्या यंत्रात आकडे दाबायचे तर अजून मुलाला बरोबर नेते.

आता यंत्राचं सांगते. या मुलांकडे एक वेगळा कॅल्क्युलेटर असतो. दुकानदाराकडे असतो तो नव्हे — चांगला वीतभर लांब, वर मोठी काच, आणि त्या काचेवर रेघा उमटतात, वळणं उमटतात. मुलं त्यात हवं ते लिहून ठेवतात. म्हणून मोठ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांची यंत्रं जमा करायची आणि आतलं सगळं पुसून टाकायचं. कारखान्यातून आलं तेव्हा जसं कोरं होतं, तसं करायचं. तो नियमच आहे.

एका वर्षी गणिताच्या सरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मी तिथेच फरशी पुसत होते. सर म्हणाले, मावशी, जरा इकडे या, मी सांगतो ते दाबा. निळं बटण, अधिकचं बटण, सात, एक, दोन. काचेवर इंग्रजीत काहीतरी आलं. सर म्हणाले, झालं कोरं. तिसऱ्या यंत्रापासून त्यांना सांगावं लागलं नाही. तीस यंत्रं मी चहाच्या सुट्टीच्या आत संपवली! दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशींचा हात बघा. तुमच्यापैकी दोघं अजून हे चालू कसं करायचं ते विचारतात."

सगळे हसले. मी कपबशा उचलत होते, वर पाहिलं नाही. पण आत काय झालं ते कसं लिहू? घरी येईपर्यंत बसमध्ये मी मांडीवर बोटांनी तेच दाबत होते — निळं, अधिक, सात, एक, दोन. पुढे सरांचं प्लास्टर निघालं, पण ते काम माझ्याकडेच राहिलं. यंत्रांच्या ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला आली. प्रत्येक यंत्राला नंबर, नंबरासमोर मुलाचं नाव, आणि पुसून झालं की मी बरोबरची खूण करायची.

तिसऱ्या वर्षी अठरा नंबर मैथिलीचा होता. तिला फीमध्ये सवलत होती. आई बिबवेवाडीला पोळी-भाजी केंद्र चालवते. ती माझ्याशी खास गोड वागायची वगैरे मी लिहिणार नाही. तसं काही नव्हतं. ती एक मुलगी होती, तिनं यंत्र जमा केलं आणि गेली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना यंत्रं परत वाटली. तासाभरानं पेपर सुरू झाला. बाहेरून तपासायला आलेल्या एक बाई बाकांमधून फिरत होत्या, हवं ते यंत्र उचलून बघत होत्या. अठरा नंबरमध्ये सूत्रं निघाली. पानंच्या पानं, म्हणे.

मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. मुख्याध्यापक, सर, त्या बाई, आणि भिंतीपाशी मैथिली उभी. ती सांगत होती की सूत्रं सरावासाठी भरलेली, यंत्र तिनं पुसायला दिलं होतं, त्यानंतर उघडलंसुद्धा नाही. सरांनी वही उघडली. अठरासमोर माझी खूण होती.

"मावशी, अठरा पुसलं होतं ना?" सरांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तेच बाईंना म्हणाले, "यांच्या हातून राहायचं नाही."

मी म्हणाले, "हो सर. पुसलं होतं."

मैथिली रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मग ते आलं कुठून, मावशी?"

मी खाली बघितलं. त्या बाई म्हणाल्या, सकाळच्या तासाभरात मैत्रिणीच्या यंत्रावरून वायर लावून परत भरलं असणार, असं करतात मुलं. झालं. तिचा पेपर रद्द. नोव्हेंबरात पुन्हा बसायचं, फी पुन्हा भरायची — अठरा हजार. अहमदाबादला डिझाइनच्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती, तिथे जुलैत निकाल दाखवायचा होता. ती जागा गेली. आणि कॉपी केली हे नावाला चिकटलं.

नोकरी जाईल म्हणून गप्प बसले का? लोकांना तसं वाटेल, आणि मीही स्वतःला वर्षभर तसंच सांगितलं. पण नाही. मावशी बदलतात, दुसरी शाळा मिळते. सरांनी सगळ्यांसमोर केलेलं कौतुक मला सोडवेना. तेवढ्यासाठी.

तीन वर्षं गेली. मागच्या वर्षी मैथिली कसलासा दाखला घ्यायला शाळेत आली. आता पुण्यातच कॉलेजात आहे. जिन्याखाली मी तिला गाठलं आणि सांगितलं — तुझं यंत्र माझ्याकडून चुकून पुसायचं राहिलं होतं, आणि मी खोटं बोलले.

ती पायरीवर बसली. म्हणाली, "घरी अजून माझ्यासमोर कोणी गणिताचं नाव काढत नाही, मावशी." मग उठली. "आईला सांगा. मला काही नको."

मी बिबवेवाडीला गेले तेव्हा मैथिलीच्या आई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही.

"चुकून राहिलं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि बोलायचं? तेही चुकूनच राहिलं?"

त्या म्हणाल्या, आधी शाळेत जाऊन सांगा, फीचं मग बघू. मी सरांना सांगितलं. सरांनी पत्रं लिहिली, तीन महिन्यांनी मैथिलीच्या नावावरचा ठपका काढल्याचा कागद आला. सर मला वाईट बोलले नाहीत. फक्त ट्रंकेची किल्ली मागून घेतली. आणि मी बिबवेवाडीला दर महिन्याला पंधराशे रुपये नेऊन द्यायला लागले.

इथपर्यंतचं त्या तिघांना माहीत आहे. आता पुढचं. अक्षर लागलं तर लावा.

चुकून राहिलं नव्हतं.

अठरा नंबर मी हातात घेतला होता. चालू केला होता. काच पुसताना वरच्या रांगेतलं अगदी उजवीकडचं बटण दाबलं गेलं — आणि काचेवर एक रेघ निघाली. मधून निघाली, बाहेर गेली, वळली, परत मध्ये आली. एक पाकळी! मग दुसरी. मी श्वास रोखला. ती रेघ थांबेना — तिसरी, चौथी, एकेक ठिपका पुढे सरकत, जणू आत बसून कोणी काढतंय. आठ पाकळ्या झाल्या आणि शेवट बरोबर सुरुवातीला येऊन मिळाला. केसाएवढासुद्धा फरक नाही. मी आयुष्यात इतकं नेटकं काही पाहिलं नव्हतं. आकड्यांतून फूल निघतं? मला कोणी सांगितलंच नव्हतं! चौथीपर्यंत मी पाढे म्हटले, हिशेब केले, आणि त्यात हे होतं?

मला ठाऊक होतं ते पुसायचं आहे. निळं बटण दाबलंसुद्धा. अधिकवर बोट ठेवलं. आणि बोट उचललं. मुद्दाम. यंत्र बंद केलं, वहीत अठरासमोर बरोबरची खूण केली. आत सूत्रं आहेत हे मला माहीत नव्हतं, पण सगळं पुसायचं असतं हे माहीत होतं. त्यात न कळण्यासारखं काय होतं?

आणि सकाळी — हे तर मी स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते — सकाळी यंत्रं वाटायच्या आधी मी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि ते बटण परत दाबलं. दोनदा. दोन्ही वेळा आठही पाकळ्या पूर्ण होईपर्यंत बघत राहिले. तेव्हाही पुसता आलं असतं. पाच बटणं. किती वेळ लागतो? ते माझ्याइतकं शाळेत कोणाला ठाऊक होतं? मी यंत्र रुमालानं पुसलं आणि मैथिलीच्या हातात दिलं. मी इतकी खूश होते की तिच्याकडे बघून हसले.

हसले. तिला आठवत असेल का?

आणि आज हे लिहिताना ते फूल पुन्हा डोळ्यांसमोर फिरतंय, आणि मला परत तसाच आनंद होतोय. खोटं कशाला लिहू? एका मुलीचं वर्ष गेलं, जागा गेली, घरात तिची मान खाली गेली, आणि मला अजून ते फूल आवडतं.

तिघांनाही मी "चुकून" म्हणाले. चुकून म्हटलं की माणसं मऊ होतात, हे मला कळत होतं.

आज शेवटचे पंधराशे दिले. मैथिलीच्या आईंनी पिठाचे हात धुतले, पैसे मोजले, वहीत अठरा हजार पूर्ण असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग म्हणाल्या, "चूक कोणाकडून होत नाही, मावशी? तुम्ही फेडलीत. बसा, चहा टाकते."

वर्षभरात पहिल्यांदा बसा म्हणाल्या. मी बसले. त्यांनी दिलेला चहा सगळा प्यायले, कप विसळून ठेवला आणि निघाले. पैसे पूर्ण फिटले.