हातोहातची खुर्ची

हातोहात उभ्यानेच जेवायचा. भंडाऱ्याच्या आमच्या पार्सल ऑफिसात बाकीचे डिलिव्हरीवाले खोक्यांवर बसून डबे उघडत. हा भिंतीला पाठ लावून, एका हातात डबा धरून खायचा. "बसलो का उठताना जीव जाते, काकाजी," म्हणायचा. कंपनीच्या शर्टाखाली कमरेला पट्टा असे. मणक्यात गॅप होती. डॉक्टरांनी मोटारसायकल सोडायला सांगितलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी त्या ऑफिसात पार्सलांचे पत्ते गावांप्रमाणे लावायला बसत असे. हातोहात हे नाव त्याला तिथेच पडलं. तो सामान कधी कुंपणावरून फेकत नसे, दारात ठेवत नसे. "हातात देतो. दारात टाकाले थो काय कचरा आहे?" अड्याळकडची गावं त्याच्याकडे होती. लांबचं गाव आलं की बाकीचे न जाताच मोबाइलवर 'ग्राहक घरी नाही' टाकून मोकळे होत. याने ते एकदाही टाकलं नाही.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत एकदा एका म्हातारीची साडी घेऊन हा शेताच्या धुऱ्यावरून थेट तिच्या बांधीतल्या चिखलात उतरला. मोबाइलवर बोटाने सही हवी होती.

"माहे हात चिखलाचे हायेत ना गा!"

"मंग चिखलाचीच करा, मावशी. साडी तुमची, चिखलही तुमचाच."

संध्याकाळी मॅनेजरसाहेब मोबाइल पाहून ओरडले. हा शांतपणे म्हणाला, "पुसू नका, साहेब. सही आहे थे."

त्याच साहेबांनी पुढे त्याला सुपरवायझर व्हायला सांगितलं आणि विचार करायला दोन दिवस दिले. हा नाही म्हणाला, तर ती जागा माझ्या जावयाला मिळणार होती. जावई तिथेच गाड्या भरायचा. हे हातोहात सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

तो संध्याकाळी माझ्याकडे आला. "जयभीम, काकाजी." बस म्हटलं तरी ओसरीच्या खांबाला टेकून उभाच राहिला.

"काय करू, सांगा. खुर्ची भेटली तं कंबर वाचते. पण साहेब म्हणते, राहिलेलं सामान 'घरी नाही' दाखवाले पोराईले सांगा लागन. मी सांगू का असं? का खुर्चीवर बसून मंग भांडू साहेबासंग? तुमी म्हणान तसं."

उत्तर मला येत होतं. बस आणि भांड. वर्षानुवर्षं विहारातल्या मंचावरून मी दुसरं काय सांगत होतो? आपल्या माणसांनी खुर्चीवर बसावं, सरळ काम करून दाखवावं. लोक टाळ्या वाजवत. हातोहातही मागे उभा राहून वाजवायचा.

त्याला मी म्हणालो, "थे खुर्ची तुह्यासारख्या माणसाची नाही गा. हात घाण होतीन तुहे. अन् तू रस्ता सोडला तं त्या म्हातारीच्या हातात सामान कोण देईन?"

आत माझी मुलगी चहा करत होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

तो खांबाला धरून सरळ झाला. मग त्याने हात जोडले. "बरं झालं तुमाले इचारलं."

जावई खुर्चीवर बसला आणि पहिल्याच आठवड्यात लांबची गावं 'घरी नाही' झाली. माझ्या घरी जेवताना तो हे हसत हसत सांगायचा आणि मी आणखी भात वाढून घ्यायचो. त्या भाताची आज शिसारी येते. तेव्हा येत नव्हती, याची जास्त येते. ऑफिसात पोरं म्हणायची, "हातोहातले जिम्मेदारी नाही पायजे. भेदरट आहे." मी खाली मान घालून पत्ते लावत राहायचो.

दोन पावसाळ्यांत त्याची कंबर गेली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि काम सुटलं.

गेल्या महिन्यात मी अड्याळच्या बाजारात गेलो. तो लसूण-मिरची घेऊन बसतो, हे कळलं होतं. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मला पाहताच तो भिंतीला धरून उठला. शेजारच्या कांदेवालीला मोठ्याने म्हणाला, "हे आमचे काकाजी. याहीनं मले त्या खोट्या कामातून वाचवलं."

ठरवलेलं मी सांगितलं नाही. म्हणून आता लिहितो. मंचावर हे बोललो असतो तर तिथेही मला टाळ्याच मिळाल्या असत्या. हातोहात भेदरट नव्हता. त्याने खुर्ची नाकारली नव्हती. ती मी त्याच्यापुढून उचलून माझ्या घरात नेली.

बाजारात त्याच्याकडे प्लॅस्टिकची एकच खुर्ची होती. ती त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली. "बसा ना, काकाजी. उभे काहून?"

मी बसलो. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.