दुकानाचं मंगळसूत्र

आमच्या दुकानात स्टूल एकच आहे, आणि ते वरच्या फळीवरच्या साड्या काढायला चढण्यासाठी आहे, बसण्यासाठी नाही. गिऱ्हाईक गादीवर मांडी घालून बसतं, आम्ही बायका सकाळपासून उभ्या. मोबाईल आल्या आल्या कपाटात जमा. बारामतीतलं साड्यांचं मोठं दुकान. लग्नसराईत इंदापूर, भिगवण, पार सोमेश्वरनगरपासून लोक बस्ता बांधायला येतात. नवरीच्या शालूपासून मानपानाच्या साड्यांपर्यंत सगळं एका दिवसात, एका दुकानात उरकायचं, म्हणून जीप भरून माणसं येतात आणि जीपमधल्या प्रत्येकाला मत असतं.

ढीगभर साड्या उलगडून झाल्यावर "आता जरा नवीन काढा" म्हणणाऱ्या येतात. पुण्यातल्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर पदर दाखवायला लावणाऱ्या येतात. ती बहीण तिकडून नाक मुरडते, आणि संध्याकाळी या बाई सकाळच्या पहिल्याच साडीवर येतात. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी तशी तोंडाची फटकळ, पण दुकानात माझं तोंड पगारी आहे. हसते आणि घड्या घालते.

हे सगळं घरी जाईपर्यंत डोक्यातून जातं. एक गोष्ट मात्र गेली नाही. नवरा आजारपणात वारला, तेव्हा मी डाळजचं सासर सोडून बारामतीत आले, एक खोली घेतली आणि या दुकानाला लागले. शालू कसा दिसतो ते गिऱ्हाइकाला आमच्याच खांद्यावर टाकून दाखवतात. पहिल्याच लग्नसराईत एका नवरीच्या मावशीनं सहज विचारलं, "ताई, मालक काय करतात?" मालक नाहीत, असं मी सरळ सांगितलं. तिनं माझ्या खांद्यावरचा शालू दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला आणि बस्ता न बांधताच मंडळी उठली.

संध्याकाळी मालकीणबाईंनी बोलावलं. बाई वाईट नाही. खोट्या दागिन्यांच्या काउंटरवरचं एक मंगळसूत्र आणि टिकल्यांचं पाकीट तिनं माझ्यापुढं ठेवलं. "मला तसलं काही वाटत नाही गं, पण गिऱ्हाइकाला वाटतं. ड्रेस कोड समज. पुन्हा असं झालं तर मला तुला ठेवता यायचं नाही." तेव्हापासून सकाळी आल्यावर ते गळ्यात घालायचं, जाताना ड्रॉवरमध्ये ठेवायचं. पहिले काही दिवस मान अवघडल्यासारखी व्हायची.

माहेरी भाऊ-भावजय आहेत, पण 'आहेत' एवढंच. माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, इंदापूरला दिलेली थोरली नणंद. दुकानाला सुट्टी असली की तिचा फोन ठरलेला. जेवलीस का, काय केलंवतंस, एवढंच विचारायची. मी कापडाच्या दुकानात आहे हे तिला ठाऊक होतं. कोणत्या, ते नाही.

यंदा एका बस्त्यात तीच आली. तिच्या दिराच्या मुलीचं लग्न होतं. लाल शालू खांद्यावर टाकून मी आरशासमोर उभी, नवरीची आई काठ निरखतेय, आणि जिना चढून नणंद वर आली. तिनं माझं तोंड पाहिलं, मग गळा पाहिला. गल्ल्यावर मालकीणबाई. नणंदेच्या तोंडून एक शब्द गेला असता, तर शालूही उतरला असता आणि नोकरीही. बोलू नका, असं मी डोळ्यांनीच तिला विनवलं. ती बोलली नाही. पण तिला भलतंच कळलं होतं.

बिल होत असताना तिनं कोपऱ्यात माझा हात धरला.

"कवा केलंस?"

मालकीणबाई ऐकू जाईल इतक्या जवळ. "झालं की," मी म्हणाले.

"मला सांगायचं व्हतं गं. मी काय नगं म्हनले असते व्हय?" तिचे डोळे भरले. "कुठलं हायती?"

"पणदऱ्याचे." सकाळची मंडळी पणदऱ्याची होती, तेच तोंडात आलं.

"बरं वागवत्यात न्हवं?"

"व्हय."

"डाळजला आयला सांगते. तिचा जीव भांड्यात पडंल."

बस्त्यातला एक खण तिनं काढून घेतला. दुकानात नारळ-तांदूळ असतातच. तिनं मला कुंकू लावलं आणि तिथंच ओटी भरली. नवरा गेल्यापासून माझ्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. आणि खोटं का बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मागाहून खरं सांगता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण मग तिच्या पुतणीचा शालू कुणाच्या खांद्यावर उलगडला, तेही सांगितल्यासारखं झालं असतं. उद्या त्या पोरीच्या संसारात जरा कुठं खुट्ट झालं, की नणंदेनं ते मनाला लावून घेतलं असतं, आणि घरात कुणाला सांगताही आलं नसतं तिला. तिच्या जिवाला तो घोर मला लावायचा नव्हता.

खाली जीपचा हॉर्न वाजला. गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायची आम्हाला मुभा आहे, म्हणून मी तिच्याबरोबर खाली गेले. पिशव्या चढवून झाल्यावर ती वळली आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"आता मी फोन करत न्हाय बरं का. पहिल्या घरची मानसं सारखी फोन करत्यात, हे तुझ्या मानसाला आवडायचं न्हाय. तू सुखात हाईस, बास झालं."

करा हो फोन वन्सं, घरी कुणी नाही, असं मला मोठ्यानं ओरडायचं होतं. दारात मालकीणबाई नवरीच्या आईला नमस्कार करत होती.

"बरं वन्सं," मी म्हणाले. "जपून जावा."