शेंगी माझ्या डोळ्यांकडं बघायची

हे मी अप्पांना सांगितलं नाही, अव्वाला नाही, कॉलेजातल्या एकाही मैत्रिणीला नाही. देवासमोर हात जोडून उभी असताना हा विषय मनात यायला लागला, की मी डोळे उघडून प्रदक्षिणेला लागते. चार वर्षं झाली. आता लिहिते आहे — तर हातानं तीन वेळा पहिलं वाक्य खोडलं.

आधी मी कोण ते सांगते, कारण चूक तिथूनच निघाली. आम्ही मूळचे वळसंगचे. अप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. घरात कानडी, म्हणून आई ती अव्वा; गल्लीत मराठी. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, मी बी.एस्सी. झाले, फर्स्ट क्लासमध्ये. हे मी अजूनही छाती पुढं काढून सांगते, त्यात लाजण्यासारखं काय आहे? गल्लीतला प्रत्येक कागद माझ्याकडं यायचा. रेशनचा, बँकेचा, दवाखान्याचा. मी वाचून सांगायची आणि माणसं मान हलवायची. त्या मान हलवण्याची चटक लागते हो. मग एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, असं तोंडातून निघतच नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. दिवस जाता जात नव्हता. मोबाईलवर कुठंतरी वाचलं, की घरच्या घरी खेळता खेळता कुत्र्याची हुशारी तपासता येते. आमची शेंगी तेव्हा दोन वर्षांची. अप्पांनी तिला कारखान्याच्या दारातून टॉवेलात गुंडाळून आणलेलं, एवढीशी. शेंगदाण्यासाठी जीव टाकायची म्हणून शेंगी.

मी वहीत रकाने आखले. पहिली परीक्षा — डोक्यावर टॉवेल टाकायचा आणि ती किती वेळात बाहेर येते ते मोजायचं. विणीत खोट निघालेले टॉवेल घरात ढिगानं होते. दुसरी, खाटेखाली भाकरीचा तुकडा सरकवायचा. तिसरी, तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली दाणे लपवायचे. पहिल्या दोन परीक्षांत शेंगी जेमतेम पास झाली. टॉवेलाखाली तर ती नुसती बसून राहायची, कुणी काढेल या भरवशावर. पण वाट्यांच्या परीक्षेत ती चुकेचना. दहापैकी दहा. वाट्या कशाही फिरवा, थेट जाऊन पंजा ठेवायची.

मग एकदा असं झालं. मी चुलीपाशी पाठमोरी असताना अव्वानं दाणे लपवले. कुठल्या वाटीखाली ते मला ठाऊक नव्हतं. शेंगी वाट्यांकडं गेलीच नाही. माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला मनातून वाटत होतं, मधली असेल. मी बोलले नाही, हललेही नाही. ती उठली आणि तिनं मधल्या वाटीवर पंजा ठेवला.

मधली रिकामी होती.

अव्वा हसली. मला हसू आलं नाही. त्या कुत्रीला नाक होतं की! हातभर अंतरावरचे भाजलेले दाणे तिला वासानं कळले नसतील? कळले असणारच. तरी ती स्वतःचं नाक सोडून माझ्या अंदाजामागं गेली — चुकीच्या अंदाजामागं. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी दार लावून हेच पुन्हा करून पाहिलं. दाणे डावीकडं ठेवायचे, नजर उजवीकडं. वीस वेळा केलं असेल. वीसही वेळा ती माझ्या नजरेमागं गेली, रिकामी वाटी उलटी केली आणि परत माझ्याकडं बघितलं. जरासुद्धा तक्रार नव्हती त्या बघण्यात. भर दुपारी, पंखा चालू असताना, माझ्या दंडावर काटा आला. आपल्या डोक्यातलं कुणीतरी वाचतंय, आणि ते खोटं असलं तरी खरं मानतंय — असं तुमच्याकडं कुणी बघितलंय कधी?

वहीत मी दहापैकी दहाच लिहिले. कारण तोवर गल्ली बघायला यायला लागली होती. संध्याकाळी आमच्या दारात पंधरा-वीस माणसं. शेंगी चप्पल ओळखायची, माणसं नावानं ओळखायची, कुणाच्या मुठीत दाणा आहे ते सांगायची. सगळं माझ्या डोळ्यांतून. लोक म्हणायचे, ही पुढच्या साली कॉलेजात जाती बघा. एकजण आपल्या पोरांना म्हणाला, शेंगीला सोडतो आणि तुमाला बांधतो. मी हसायची आणि हळूच नजर फिरवायची.

पुढच्या रांगेत पायरीवर मल्लप्पा अज्जा बसायचे. शेजारच्या कलावती अक्काचे सासरे, मूळचे आमच्याच वळसंगचे. जन्मभर मागावर काम केलेले, कुठलाही बंद पडलेला माग चालू करणारे म्हणून नावाजलेले. आता सगळं विसरत चाललेले. मी कुणाची मुलगी, हे रोज विचारायचे. शेंगीचं नाव मात्र विसरायचे नाहीत. तिच्याशी कानडीत गप्पा, आणि आपल्या ताटातली निम्मी भाकरी तिला. ऊरिगे होगबेकु, गावाला जायचंय, एवढं एकच त्यांचं दिवसभर चाले. अक्का घरी टॉवेलांच्या कडा शिवायची. गठ्ठा पोचवायला निघाली की बाहेरून कडी लावून जायची.

मे महिन्यातली दुपार. एकच्या सुमाराला लाइट गेली.

तुम्ही आमच्या भागात राहिला नसाल तर तुम्हाला हे कळणार नाही. आमच्याकडं मागांचा आवाज दिवसरात्र असतो. तो आम्हाला ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो बंद पडल्यावर. सगळे कारखाने एका क्षणात थांबतात आणि कानात काहीतरी ओतल्यासारखं होतं. त्या दिवशी तशी शांतता पसरली. रस्ता पांढरा पडलेला, पानसुद्धा हलत नव्हतं. शेंगी झोपली होती ती उठून दारात गेली आणि कान टवकारून उभी राहिली. कशासाठी, मला कळलं नाही. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

अर्ध्या-पाऊण तासानं कलावती अक्का अनवाणी पळत आली. अज्जा घरात नव्हते. ती गठ्ठा द्यायला गेली होती आणि कडी लावायची राहिली होती.

माग बंद, म्हणून पुरुष माणसं बाहेरच होती. पाच-सहा मोटारसायकली गोळा झाल्या. अक्काचा नवरा शिवूअण्णा कुठं जायचं म्हणून सगळ्यांची तोंडं बघत होता. आणि मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, अज्जा रोज गावाला जायचं म्हणतात, म्हणजे वळसंगच्या रस्त्याला लागले असणार; डोकं लावा जरा. ते सगळ्यांना पटलं. शिकलेली पोरगी बोलतेय म्हटल्यावर पटणारच.

तेवढ्यात अक्का अज्जांचा खांद्यावरचा टॉवेल घेऊन आली. म्हणाली, "सुवर्णा, शेंगीला इचार की गं. तिला समदं कळतंय."

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं — अक्का, तिला काही कळत नाही, ती माझे डोळे बघते. पण पंधरा माणसं उभी होती. मी शेंगीच्या नाकाशी टॉवेल धरला.

आणि तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं टॉवेल हुंगला, नाक जमिनीला लावलं आणि डावीकडं वळली — बंद पडलेल्या शेडच्या बोळाकडं. चार पावलं गेली, पाच गेली. शेपटी सरळ, सगळं अंग नाकामागं. बोळाच्या तोंडाशी थांबून तिनं मागं वळून बघितलं. मी येते का, एवढंच बघायला.

मी उजवीकडं बघितलं. वळसंगला जाणाऱ्या मोठ्या रस्त्याकडं.

का? घाबरले का? नाही. मी आत्ताच उजवीकडं म्हणाले होते, म्हणून. माझा आणि कुत्रीचा शब्द वेगळा पडला असता तर लोक हसले असते, म्हणून. ते सगळं त्या एका नजरेत मावलं. शेंगी उभी राहिली. तिनं बोळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत बोळाकडं पाहिलं. तेवढ्या वेळात मी नजर काढून घेऊ शकले असते. घेतली नाही. ती कान पाडून परत आली, माझ्या पायाजवळून गेली आणि मोठ्या रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

कुणीतरी म्हणालं, बघा, बरोबर सांगती पोरगी. गाड्या सुटल्या. आणि खरं तेच सांगायला बसले आहे तर हेही सांगते — त्या क्षणी मला बरं वाटलं. अभिमान वाटला.

साडेचारला लाइट आली. माग सुरू झाले, आणि शेजारच्या कारखान्याचा वॉचमन धावत आला. बंद शेडच्या मोडक्या फाटकाशी त्याला चपला दिसल्या होत्या. आमच्या दारापासून पाच मिनिटांवर. अज्जांनी तिथंच तीस वर्षं काढली होती. गावाला जायला ते निघालेच नव्हते. आवाज थांबला तसे ते उठले असणार, बंद पडलेला माग चालू करायला. वर तापलेला पत्रा, आत माग नव्हते, नुसते ते बसवायचे चौथरे. एका चौथऱ्याला टेकून बसले होते. श्वास चालू होता. बोटं हलत होती, म्हणे — तुटलेल्या धाग्याला गाठ मारतात तशी.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तुमच्यात शिकलेलं कोण आहे? मी पुढं झाले. नेहमीसारखी. कागद मी भरले. संध्याकाळी सात वाजता डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाले, "दुपारीच आणलं असतं तर वाचले असते. घरच्यांना नीट समजावून सांगा."

बाहेर बाकावर अक्का बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वय झालं होतं, अक्का. डॉक्टर म्हणाले, कुणाच्या हातात नव्हतं."

तिनं मान हलवली.

नंतर गल्लीत शेंगीचं नाव निघेना. मुकं जनावर, त्याला काय कळणार, असं म्हणून लोकांनी तिला सोडून दिलं. माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. अक्कानं मात्र सगळं स्वतःवर घेतलं. कडी मी लावली न्हाई, कडी मी लावली न्हाई — जेवताना, शिवताना, पाणी भरताना. शिवूअण्णा एकदा चार माणसांत तिला तेच बोलला. मी तिथंच होते.

आणि शेंगी. लाइट गेली, माग थांबले, की ती उठते. दारात जाते. डावीकडं बघत उभी राहते आणि शेपटी हलवते — हळू, ओळखीचं माणूस लांबून येताना दिसावं तशी. बोळात कुणी नसतं. मी प्रत्येक वेळी जाऊन बघितलंय. मग ती वळते आणि माझ्या तोंडाकडं बघत बसते. मी भिंतीकडं बघते, मोबाईलकडं बघते. तिच्याकडं बघितलं तर माझ्या डोळ्यांत तिला काय दिसेल, हे मला जाणून घ्यायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात अशीच लाइट गेलेली. अक्का आमच्या पायरीवर बसली होती. शेंगी दारात उभी राहिली, शेपटी हलवायला लागली. अक्का बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुवर्णा, त्या दिशी ही आदी तिकडंच निगाली हुती, न्हवं?"

शेंगीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. दोघी वाट बघत होत्या.

मी डोळे मिटले. म्हणाले, "नाही अक्का. ती सरळ रस्त्याकडंच गेली. तुझ्या लक्षात नाही."

डोळे उघडले तेव्हा शेंगीचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. कधी आली, पायांचा आवाजही आला नव्हता. अक्का उठून चालली होती. जाता जाता तेच पुटपुटत होती, कडीचं.

परवा ती पोस्टाचा एक कागद घेऊन आली. मी वाचून दाखवला, कुठं अंगठा करायचा ते सांगितलं. तिनं मान हलवली. माझ्या हातावर शेंगाचटणीची पुडी ठेवली, म्हणाली, पोरी, तू हाईस म्हणून. टेबलावर हीच पानं उघडी पडली होती, अर्धी लिहिलेली. तिचं नाव दुसऱ्या पानावर सहा वेळा आहे. तिनं ती पानं बाजूला सारली, चटणीचं तेल लागू नये म्हणून, आणि गेली.

अक्काला वाचता येत नाही. येत असतं तर मी हे लिहिलं नसतं.