गवराबाईचा भुईकोहळा

गवराबाई औषध विकण्याआधी गिऱ्हाइकाशी भांडायची. भुईकोहळ्याचे ओबडधोबड कंद टोपलीत घेऊन ती सोलापूरच्या मंगळवारच्या बाजारात बसे. बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून कोणी कंद मागितला, की तिचा पहिला सवाल ठरलेला, "बाळंतीण खाती काय, पिती किती, त्ये सांगा आदी."

एकोणीसशे तीसच्या आसपास माझा थोरला झाला, तोही ऐन वैशाखात. बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतं, म्हणून मला दिवसाला दोन वाट्या कढत पाणी मिळायचं. गिरणीच्या दुपारच्या भोंग्यालाच ओठ फुटायचे. बाळ रडून रडून निळं पडायचं आणि सासूबाई मला नावं ठेवायच्या, 'हिच्या अंगातच दूध नाही.' शेवटी त्यांनी गवराबाईला घरी बोलावलं.

तिनं माझ्या ओठांवरून बोट फिरवलं आणि भडकलीच. "इहीर कोरडी ठिवायची आन् मोट हाकायची व्हय, आक्का?"

"तू मुळी दे आणि वाटेला लाग," सासूबाई म्हणाल्या.

"आदी तांब्याभर पानी पाजा हिला. त्याबिगर मुळी न्हाय."

ती उंबऱ्याबाहेर बसली ती बसलीच. शेजारणी जमल्या, तेव्हा लाजेकाजेस्तव सासूबाईंनी तांब्या पुढे केला. धंदा सोडून ती सलग चार दिवस येत राहिली. मला पोटभर पाणी आणि भाकरी मिळाल्यावरच ती कंदाची एक चकती दुधात उगाळायला द्यायची. पाचव्या दिवशी बाळ पोट भरून झोपलं.

सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, 'मुळीनं गुण दिला.' पाण्याचं अवाक्षर नाही. मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

महिन्याभरानं समोरची शांता बाळंत झाली. तिच्या सासूनं बाजारात गवराबाईला बेधडक सांगितलं, "खाती-पिती की चांगली!" आणि कंद आणला. शांता तहानलेलीच राहिली. बाळ बारशापर्यंतही टिकलं नाही.

पुढच्या मंगळवारी गवराबाई माझ्या दारात उभी राहिली. त्या दिवशी तिचा आवाज चढला नाही.

"पोरी, तुला ठावं हुतं की. तू का न्हाय बोललीस?"

ती पुन्हा सोलापूरच्या बाजारात दिसली नाही.

आता कुणाकडे बाळंतीण पाहायला गेले, की मी आधी तिच्या उशाशी तांब्या शोधते. नसला तर तिच्या सासूशी भांडते. मागून बायका म्हणतात, म्हातारी भारी भांडकुदळ आहे. व्हय, हाय.