चोविसाव्या हिश्श्याची जीप

आमच्या सासऱ्यांच्या जीपमधून शेवटचा प्रवास एका कोंबडीने केला, आणि तोही जीप जागची न हलता. ती मागच्या सीटवर अंडी घालायची, उबवायची आणि पिल्लांसकट खाली उतरायची. बाकी त्या जीपमधून कित्येक वर्षांत कुणी कुठे गेलेलं नव्हतं.

जीप काळी-पिवळी. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती शहापूर ते डोळखांब रस्त्यावर आयुष्यभर चालवली. (दहा जणांची जागा आणि वीस जणांची सोय, असं ते अजून अभिमानाने सांगतात.) पुढे कागदपत्रं संपली, मग इंजिन संपलं, पण अण्णांचा जीव काही तिच्यातून निघेना. जीप गावच्या घराच्या अंगणात, बरोबर मध्यभागी, उभी राहिली ती राहिलीच. आणि यंदा शेंडेफळ मेहुणीचं, मनीषाचं, लग्न ठरलं. मांडव घालायचा तर अंगण मोकळं हवं.

सासूबाईंनी विषय काढला. "मांडव कुठं घालू? जीपवर?"

"घाला की. टप मजबूत हाय."

"आणि पोरीला हळद लावायला बॉनेटवर बसवू?"

"जरा कडेला बसवा," अण्णा बोलले. "मधी पोचा हाय."

भंगारवाला टेम्पो घेऊन आला की अण्णा त्याला चहा पाजायचे, पावसापाण्याचं विचारायचे आणि परत पाठवायचे. शेवटी मनीषा रडकुंडीला आली. "माझी हळद माझ्या दारात नाय होणार का?"

इथे मी तोंड उघडलं. माझ्या या सवयीचा माझ्या बायकोला, सुनीताला, लग्नापासून जाच आहे.

सांगायला हवं की मी शहापुरात एका कचेरीत नोकरी करतो आणि फावल्या वेळात छोट्या मोटारी बनवतो. खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीचं माप घ्यायचं, त्याचा चोविसावा हिस्सा काढायचा आणि प्लॅस्टिकचे तुकडे कापून, घासून, चिकटवून, रंगवून ती गाडी उभी करायची. वायपर टाचणीचे, आरसे चॉकलेटच्या चांदीचे. वय पन्नाशीला टेकलं आहे. सुनीताचं म्हणणं असं, की "लोकांचे नवरे पत्ते खेळतात. ते निदान चारचौघांत सांगता तरी येतं."

"अण्णा," मी म्हणालो, "मी तुम्हाला तुमची जीप बनवून देतो. लहान. टीव्हीशेजारी ठेवा, रोज बघा. मग ही मोठी जाऊ द्या."

अण्णांनी अंगणातल्या जीपकडे बोट केलं. "माझीच जीप?"

"हुबेहूब."

"बघितल्यावर माझी वाटली, तर ही अंगणातून न्या. शब्द देतो. नाय वाटली, तर मांडव शाळेच्या पटांगणात."

मनीषाने माझ्यासमोर हात जोडले. "भावोजी, नीट करा हां. माझं सगळं तुमच्यावर हाय." एका मुलीची हळद एका टाचणीच्या वायपरवर टांगली गेली, आणि टांगणारा मी.

मी जिवापाड काम केलं. शिंप्याची टेप घेऊन जीपची मापं घेतली (मागच्या दरवाजाचं माप कोंबडीने घेऊ दिलं नाही, ते अंदाजाने धरलं). मोबाइलवर फोटो काढले. पिवळा रंग जुळेना, तेव्हा स्वयंपाकघरातला हळदीचा डबा शेजारी ठेवून जुळवला. मागच्या काचेवर 'सुनीता-मनीषा' ही अक्षरं मी श्वास रोखून लिहिली. सीटसाठी काळं रेक्झिन हवं होतं, तेही घरातच मिळालं.

"माझी पर्स कुठंय?" सुनीताने विचारलं.

"कुठली?"

"जी तुमच्या जीपमध्ये बसलीय ती."

आता माझ्या अपराधाकडे येतो. मी पोचा केला नाही. म्हसा गावच्या जत्रेत कधीकाळी एका बैलाने बॉनेटला धडक दिली होती, त्याचा तो पोचा. बशीएवढा, नजरेत भरणारा. पण सासऱ्याच्या गाडीतलं वैगुण्य जावयाने कोरून दाखवावं हे माझ्या मनाला पटेना. मग पोच्यासोबत मडगार्डचा गंजही गेला, दाराला पडलेली भेग गेली. जीप अशी चकचकीत झाली की तिच्यात माझा चेहरा दिसायचा. तरी समाधान होईना. निघायच्या सकाळी मी व्हार्निशचा आणखी एक हात मारला.

तो वाळला नव्हता. हा दुसरा अपराध.

मिठाईच्या बॉक्सात जीप, बॉक्स माझ्या मांडीवर, आणि आम्ही दोघं रिक्षात. गावात पोचलो तर अंगणाच्या कडेला बांबूंचा ढीग आणि त्यावर मांडववाले बसलेले. भंगारवाल्याचा टेम्पोही दोर काढून तयार. सगळ्यांची नजर माझ्या मांडीवर. मी बॉक्स उघडणार, तोच सासूबाईंनी दारातून हाक दिली.

"थांबा तिथंच. दारात नवी गाडी आली. ओवाळल्याबिगर आत नाय न्यायची."

"आई, ही नुसती शोभेची आहे," मी म्हणालो.

"चार चाकं हायत ना? मग गाडीच. सुनीता, ताट आण गो."

जीप ओट्यावर पाटावर ठेवली. सासूबाईंनी ओवाळलं आणि बॉनेटच्या मधोमध कुंकवाचा अंगठा टेकवला. अंगठा ओल्या व्हार्निशला चिकटला. त्यांनी तो जोर करून सोडवला, तेव्हा अंगठ्यावरच्या रेघांसकट ठसा उमटला. वर अक्षता टाकल्या. एकही तांदूळ खाली पडला नाही.

"बघा, कशा बसल्या," सासूबाई समाधानाने म्हणाल्या.

"लिंबू कुठाय?" अण्णांनी विचारलं. "चाकाखाली लिंबू पायजे."

आमच्या जीपचं चाक एवढंसं, आणि परसातलं लिंबू पेरूएवढं. अण्णांनी पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं बसवली, तशी जीप आभाळाकडे तोंड करून उभी राहिली.

"आता पुढं घ्या."

"कशी घेऊ?"

"हातानं. इंजिन टाकलंय का तुमी?"

मी जावई. सासऱ्याने सांगितलं, मी ढकललं. लिंबू फुटलं नाही, आस मोडला. उजवं चाक फेंगडं होऊन बाहेर आलं, आणि एक लिंबू घरंगळत अंगणात गेलं, त्याच्यामागे कोंबडी गेली.

अण्णांनी जीप उचलून डोळ्यांजवळ नेली.

"गाडी चांगली हाय," ते म्हणाले. "पण माझी नाय."

मनीषाचा चेहरा उतरला.

"अण्णा, माप तेच आहे, रंग तोच आहे..."

"माझा पोचा कुठाय?"

"मुद्दाम नाही केला. म्हटलं, कशाला उगाच..."

"कशाला म्हंजे? तुमाला ठाऊक हाय का, त्या दिशी ही मनी आईच्या मांडीवर होती, पुढच्या सीटवर. बैल सुटला तो सरळ दारावर येत होता. मी स्टेअरिंग मारलं आणि त्याला बॉनेटवर घेतला." अण्णांनी जीप माझ्या हातात परत दिली. "गाडीत दुसरं बघायसारखं हाय काय?"

मांडववाले उठले आणि शाळेकडे न्यायला बांबू खांद्यावर घेऊ लागले. मनीषा माझ्याकडे बघत नव्हती, हे तिने रागाने बघण्यापेक्षा वाईट होतं. अशा वेळी माणसाला काहीतरी पुसावंसं वाटतं. माझ्या खिशात थिनरची बाटली असते. मी रुमाल भिजवला आणि निदान ते कुंकू तरी काढू म्हणून बॉनेट घासलं.

थोडं कुंकू गेलं. मग व्हार्निश गेलं. मग रंग गेला. आणि मग प्लॅस्टिक मऊ पडलं आणि माझा अंगठा बॉनेटमध्ये गेला.

मी जीप पाठीमागे लपवली. पन्नाशीच्या माणसाला ते शोभत नाही, पण दुसरं काही सुचलं नाही.

"काय केलंत? दाखवा," अण्णा बोलले.

दाखवली. बॉनेटच्या मधोमध चांगला खोल खळगा, त्यात कुंकवाचा लाल गाळ. अण्णांनी त्यावरून हळूच बोट फिरवलं. मग जीप घेऊन ते मोठ्या जीपजवळ गेले आणि बॉनेटला बॉनेट लावून बघत राहिले.

"अगो, इकडं ये," त्यांनी सासूबाईंना हाक मारली. "पोचा बघ. दसऱ्याचं कुंकू ह्यात असंच साठायचं. आणि पुढचं चाक बघ, असंच बाहेर पळायचं." ते माझ्याकडे वळले. "जावई, हे आधी का नाय दाखवलंत?"

"वाळत होतं," मी म्हणालो.

(सुनीताने माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिता येण्यासारखं नाही.)

"ही माझी," अण्णा म्हणाले. "न्या ती."

बांबू धाडकन खाली आले. मनीषा धावत जाऊन अण्णांना बिलगली. भंगारवाला जीपला दोर बांधू लागला, तसे अण्णा त्याच्याजवळ गेले.

"कुठं नेतोस?"

"भंगारात, अण्णा. आणखी कुठं?"

"अंगणातून न्यायचा शब्द दिलता मी. भंगारात न्यायचा नाय." अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "ज्या माणसानं हिचा पोचासुद्धा सोडला नाय, त्याच्या दारात जाऊ दे."

सगळ्या अंगणासमोर मी मान डोलावली. टेम्पोने जीप शहापूरपर्यंत ओढत आणली. स्टेअरिंगवर कुणीतरी बसायला हवं म्हणून मी बसलो. मागच्या सीटवर कोंबडी होती.

मनीषाची हळद तिच्या दारात झाली आणि फार छान झाली. आता जीप आमच्या दारात आहे आणि सुनीताची स्कूटर रस्त्यावर. अण्णा बाजाराच्या दिवशी येतात, पोचा फडक्याने पुसतात, चहा घेतात आणि जातात. सुनीता म्हणते, भंगारवाल्याला बोलवा. पण संध्याकाळी मी त्या सीटवर जरा टेकतो, मागे कोंबडी असते, आणि खरं सांगायचं तर माझाही जीव तिच्यात अडकला आहे. मी सुनीताला अण्णांचीच अट घातली आहे: कुणीतरी हिच्यासारखी हुबेहूब लहान जीप मला बनवून द्यावी, मग ही खुशाल न्यावी.

फक्त अडचण अशी, की तालुक्यात हे काम करणारा एकच माणूस आहे, आणि त्याचं काम मी जवळून पाहिलेलं आहे.